काकूंच्या डब्यातले बेडूक

तमाम नागरिकांना जाहीर सूचना देण्यात येत आहे की, धरमपेठेच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या गल्लीत, शेवटून दुसऱ्या घराच्या परसात, धुण्याच्या दगडाच्या डाव्या हाताला ठेवलेली कूलरची जुनी पत्र्याची टाकी ही आजपासून टाकी म्हणून ओळखली जाणार नाही. तिला तलाव म्हणावे. तलावात मोजे खळबळू नयेत. चहाचा चोथा टाकू नये. तलावाच्या काठी फोनवर मोठ्याने बोलू नये, कारण लवकरच तिथे प्रतिष्ठित मंडळी राहायला येणार असून त्यांची कातडी नाजूक असते. हुकमावरून.

ही घोषणा मी तीन वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका सकाळी, स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर उभी राहून, हातात झारा घेऊन केली होती. श्रोते दोन. एक माझा नवरा सुधीर, जो पेरूच्या झाडाला आरसा टांगून दाढी करत होता. दुसरे शेजारचे बोंद्रेकाका, ज्यांचं फक्त डोकं कंपाउंडच्या भिंतीवरून दिसत होतं. सुधीर "बरं" म्हणाला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की माणूस बरं म्हणतो. बोंद्रेकाकांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या अख्ख्या घोषणेला एका शब्दात उत्तर दिलं.

"काहून?"

काल आमच्याकडचे कूलर उतरले, म्हणून हे सगळं पुन्हा वर आलं. बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही, पण नागपुरात ऋतू पंचांगात बदलत नाही, खिडकीत बदलतो. मार्चमध्ये कूलर चढतो आणि खिडकी गायब होते. मग तीन-साडेतीन महिने आपण एका मोठ्या घरघराटाच्या पोटात राहतो. नवरा-बायकोची निम्मी भांडणं ऐकूच न आल्यामुळे मिटतात. आणि मग एक दिवस कूलर उतरतो. जिथून नुसता वाळ्याचा ओला वारा यायचा, त्या चौकोनातून एकदम शेजारचं घर आत येतं: कुकरची शिट्टी, फोडणीतला सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, कुणाच्या तरी पायातली चप्पल. सुधीर हे काम सत्यनारायणाच्या गांभीर्याने करतो. खांद्यावर पंचा, स्क्रू ठेवायला वाटी, आणि मी हाताशी. काल त्याने वाळ्याच्या ताट्या काढून भिंतीला टेकवल्या, टाकी उपडी केली आणि सवयीने विचारलं, "याच्यात कोणी राहत नाही ना?"

हा प्रश्न तो गेली तीन वर्षं प्रत्येक भांड्याला विचारतो. का, ते पुढे येईलच.

त्या वर्षी हॉलमधल्या मोठ्या कूलरची मोटर जळली. पत्रा गंजला होता, पंख्याची पाती वाकली होती, पण टाकीला एकही भोक नव्हतं. माझ्या संसारात ज्या वस्तूला भोक नाही ती मी सहजासहजी भंगारात जाऊ देत नाही. शिवाय मनात एक जुनी हौस होती. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आषाढात संध्याकाळी या गल्लीत एकमेकांशी बोलायचं तर आवाज चढवावा लागे, इतके बेडूक. मग एकेक परस फरशीखाली गेलं. फरशीवर गाड्या आल्या. बेडूक केव्हा गेले ते कुणी पाहिलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवते. साम्राज्यं कशी बुडतात ते मुलांना मुद्देसूद सांगते. माझ्या मागच्या दारातलं एक अख्खं साम्राज्य बुडालं, आणि मला साल सांगता येईना.

नर्सरीत कमळाचा कंद घ्यायला गेले तेव्हा मी तिथल्या माणसाला हळूच विचारलं, बेडूक मिळतील का. तो माती भरता भरता थांबला. "मॅडम, मेंढक विकत नाही भेटत. अन् आणाचाही नसते. पाणी ठेवा, दगड ठेवा, औषध फवारू नका, अन् चूप बसा. तो येते."

पाणी ठेवलं. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच टाकीत ओतलं. आतून आणि बाहेरून दगडांच्या पायऱ्या रचल्या, कारण आत पडलेल्याला बाहेरही येता आलं पाहिजे. फुटक्या माठाचा अर्धा तुकडा पालथा घालून सावलीचा बंगला बांधला. पेरूची गळलेली पानं झाडायची नाहीत असं कामवाल्या बाईंना बजावलं, तेव्हा त्यांनी मला ताप आहे का ते पाहिलं. एवढं सगळं जमलं. चूप बसणं जमेना.

पाहुणे येत होते, पण बोलावलेले सोडून बाकी सगळे. पहिल्याच दिवशी एक लाल चतुर आला आणि कमळाच्या कळीच्या टोकावर असा बसला, जणू कळी त्याच्याच नावावर आहे. गांधीलमाश्या पाणी पिऊन गेल्या. बुलबुलांचं जोडपं अंघोळीला येऊ लागलं, त्यातली ती आधी आणि तो नंतर, हा क्रम त्यांनी एकदाही मोडला नाही. एका दुपारी मुंगूस आलं. त्याने टाकीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि घरमालक भाडेकरूकडे बघतो तसं बघून निघून गेलं. बेडूक नाही. अकराव्या दिवशी माझा धीर सुटला. मी संध्याकाळी मोढ्यावर बसून त्यांना त्यांच्याच भाषेत हाका मारायला लागले. तीन दिवस मारल्या. चौथ्या दिवशी बोंद्रेकाकांनी सुधीरला फाटकाशी गाठून माझ्या घशाची चौकशी केली.

आणि मग टाकीत फेस आला.

पाण्याच्या वर, टाकीच्या आतल्या पत्र्याला, मूठभर पांढराशुभ्र फेस चिकटलेला. मी काय समजायचं ते समजले. सुधीर तिथेच दाढी करतो. मी त्याला शोधून काढलं आणि तलावाचा अपमान, निसर्गाची विटंबना, अठ्ठावीस वर्षांचा निष्काळजीपणा अशा तीन कलमांखाली झापलं. तो गालाला हात लावून म्हणाला, "मंजू, मी कायले तिथं फेस फेकीन? अन् एवढा फेस आला असता तं दाढी चांगली नसती झाली का?" मी काही ऐकलं नाही. खराटा घेऊन घासायलाच गेले होते, पण फोडणी करपायला लागली म्हणून परतले. त्या करपलेल्या फोडणीचे उपकार मी विसरणार नाही. दोन दिवसांनी फेस वरून सुकून बत्ताशासारखा झाला. मग एक दणकून सर आली, फेस खालून ढासळला आणि पाण्यात मोहऱ्या सांडल्या. प्रत्येक मोहरीला शेपूट होतं.

वर पाहिलं तर पेरूच्या फांदीवर, सालीच्याच रंगाची, डोळे मिटून बसलेली एक झाडबेडकी. अंगठ्याएवढं तोंड आणि त्यावर बाळंतिणीची तृप्ती. नर्सरीवाल्याचं खरं होतं. ती आली होती. मी आरडाओरडा करत असताना, माझ्या डोक्यावर बसून, माझं बोलणं संपायची वाट पाहत होती.

सुधीरने जाहीर माफी मागितली. म्हणजे मी मागावी अशी मागणी केली. मी मागितली, झारा घेऊन, त्याच पायरीवरून. श्रोते पुन्हा दोनच होते. पण या वेळी बोंद्रेकाकांनी "काहून" विचारलं नाही.

दुपारी ते आमच्या पुढच्या दाराने आले. रोज भिंतीवरून बोलणारा माणूस पुढच्या दाराने आला, चप्पल बाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसला, तेव्हाच मी चहा ठेवायला न जाता समोर बसले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पाणी अडवणं हा त्यांचा धंदा. पण आदल्या वर्षी काकूंना डेंग्यू झाला होता. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बारा दिवस. प्लेटलेटचे आकडे काका एका चिठ्ठीवर लिहीत, आणि ती चिठ्ठी अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असे; शर्ट बदलला की चिठ्ठी नव्या खिशात जाई. काकू बऱ्या झाल्या, पण काकांनी घरातलं उभं पाणी संपवलं. कुंड्यांखालच्या बशा गेल्या. परसातला सिमेंटचा जुना हौद, ज्यात एके काळी काकू भांडी विसळत, जांभळं धूत, उन्हाळ्यात पाय सोडून बसत, तो त्यांनी घासून कोरडा केला आणि त्यात विटा भरल्या.

"मंजू, तुह्या तलावात मच्छर झाले तं?" एवढंच ते म्हणाले.

या प्रश्नावर विनोद करता येत नाही. मी केला नाही. मी म्हटलं, काका, मारबतीपर्यंत वेळ द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे जेमतेम दीड महिना. तोवर तुम्ही कधीही या, पाणी तपासा. मच्छराची एक जरी अळी निघाली तर मी माझ्या हाताने टाकी उपडी करीन. काका उठले, घरी गेले आणि परत आले ते पांढरी एनॅमलची थाळी घेऊन. पांढऱ्या थाळीत पाणी घेतलं की अळी लपत नाही, हे त्यांनी मला समजावलं. त्या दिवसापासून रोज सकाळी सातला तपासणी सुरू झाली. शाळेत इतकी वर्षं तपासण्या पाहिल्या, पण एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

आता तो रविवार.

पावसाळ्यात कचऱ्याची गाडी गल्लीतून फिरताना भोंग्यावरून सांगत जाते की, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. सुधीर हे व्रत एकादशीपेक्षा कडक पाळतो. दर रविवारी तो परसातलं पाणी धरू शकेल असं प्रत्येक भांडं उपडं करतो: बादली, कुंडीची बशी, नारळाची करवंटी, एकदा तर माझा पाय धुवायचा तांब्या. त्या रविवारी त्याचा धाकटा भाऊ फोनवर होता. एका खांद्याने फोन कानाशी दाबून, दुसऱ्या हाताने, भावाला पेन्शनच्या अर्जाबद्दल सांगत सांगत तो बादलीकडून करवंटीकडे, करवंटीकडून टाकीकडे गेला. मी खिडकीतून पाहत होते. तोंडातून आवाज फुटायच्या आत तलाव आडवा झाला.

जास्वंदीच्या आळ्यात दीडशे-दोनशे जीव उन्हात तडफडत होते. सुधीरने फोन तसाच कुंडीत टाकला. भाऊ मातीतून हॅलो हॅलो करत राहिला. पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो. चहाची गाळणी, पोह्यांचा चमचा, शेवटी नुसती बोटं. टाकीत पुन्हा घालावं तर पाणी नाही, आणि नळाचं ताजं पाणी चालणार नाही. पिंपात आदल्या दिवशीचं पाणी होतं, ते मिळेल त्या भांड्यात ओतलं: इडलीचं पातेलं, पोळ्यांचा डबा, कुकरचं भांडं, श्रीखंडाचे जुने डबे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भांड्यांची रांग लागली आणि प्रत्येकात शेपट्या वळवळत होत्या. मांजर दाराशी घुटमळत होतं, म्हणून मी सगळ्यांवर झाकणं ठेवली. मग टाकी भरायला मागे गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत भांडं रिकामं परत देत नाहीत. वाटी आली की वाटी जाते, पण जाताना तिच्यात काहीतरी असतं. घरात काही नसेल तर साखर घालतात. बोंद्रेकाकूंनी आठ दिवसांपूर्वी सांभारवडी पाठवली होती, कडीच्या स्टीलच्या डब्यात. तो डबा मी आज देऊ, उद्या देऊ करत ठेवला होता, आणि सुधीरला दोनदा सांगून झालं होतं की, शिरा केला की काकूंचा डबा भरून देऊन ये, रिकामा नको देऊ.

अपराध्याच्या अंगात कामाचा फार उत्साह असतो. मी मागे टाकीत दगड रचत असताना सुधीरने ओट्यावर काकूंचा डबा पाहिला. जड होता. झाकण होतं. हिने एवढ्या गडबडीतही शिरा केला, असं त्याच्या मनात आलं. हे त्याने नंतर शपथेवर सांगितलं. त्याने डबा उचलला, भिंतीवरून काकूंच्या हातात दिला आणि वर म्हणाला, "गरम असतानाच खा."

थोड्या वेळाने भिंतीवर बोंद्रेकाकांचं डोकं उगवलं. मग एक हात उगवला. हातात चमचा होता.

"मंजू," ते अगदी सावकाश म्हणाले, "डब्यात काय हाये?"

 करार मोडला होता. ज्या घरात पाण्याचा थेंब साठू देत नाहीत, त्या घरात मी डबाभर बेडकाची पिल्लं पाठवली होती. आता टाकी आडवी होणार, आणि ती मीच करायची. मी तोंड उघडलं, तर काकांच्या शेजारी काकूंचं डोकं आलं. काकू ठेंगण्या, भिंतीवरून दिसायला त्यांना पाट लागतो. म्हणजे त्या पाट घेऊन आल्या होत्या. त्यांच्या कडेला तो डबा होता, नातवंड घ्यावं तसा.

मी म्हटलं, काकू, चूक झाली, परत द्या. त्या म्हणाल्या, डब्यातून आलेलं परत देत नाहीत.

काका म्हणाले, पण ठेवणार कुठं. काकूंनी मान वळवून हौदाकडे पाहिलं. विटांनी भरलेला हौद. खिशातल्या चिठ्ठीवर काकांचा हात गेला, हे मला भिंतीच्या अलीकडून दिसलं. तेव्हा काकू त्यांना जे म्हणाल्या ते त्यांनी हळूच म्हटलं होतं, पण कूलर उतरले होते, सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, आणि ते आम्हाला ऐकू आलं.

"वरीसभर मले काचेचं भांडं करून ठेवलं तुमी. मी फुटून नाही राहिली. हौद भरू द्या मले."

विटा काकांनी काढल्या. एकेक करून, भिंतीशी नीट रचून, काकूंना हात न लावू देता. पाणी मात्र काकूंनी भरलं. वर्षभराने त्या हौदाने ओल पाहिली. सिमेंटचा रंग गडद होत वर चढत गेला आणि काकू कठड्यावर बसून तो चढताना पाहत राहिल्या. मग डबा कलता केला. डबा धुऊन ठेवताना त्या मला भिंतीवरून म्हणाल्या, की आता हा रिकामा मी तुले कसा देऊ, विचार करावा लागन.

तपासणी आता दोन ठिकाणी सुरू झाली. आधी आपला हौद, मग माझी टाकी. काकांच्या हातात थाळी, नाकावर दोन चष्मे. पहिले काही दिवस ते अळ्या शोधत. पुढे पुढे तपासणी लांबायला लागली. सातला आलेले काका साडेसातला हौदाशीच असत. मी काय चाललंय विचारलं, तर म्हणाले, मागचे पाय फुटून राहिले, पुढचे अजून नाही. एका सकाळी बोट तोंडावर ठेवून त्यांनी मला भिंतीशी बोलावलं, आणि शेपूट असलेला, चार पायांचा, कुठल्या जातीत मोडावं ते न ठरलेला एक जीव मला दाखवला. त्यांचा चेहरा पाहून वाटलं, आता हे धरणाचं दार उघडल्याचं खात्याला कळवतील.

आणि खंड्या. निळा, चोचीने लालबुंद, विजेच्या तारेवर येऊन बसणारा. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, पण त्याच्या खात्यातही बातमी पोचली होती. एका भर उन्हाच्या दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर बोंद्रेकाका हौदाशी उभे, पाऊस नाही, ढग नाही, आणि हातात उघडी काळी छत्री. खंड्या तारेवर डावीकडे सरकला की छत्री डावीकडे. उजवीकडे सरकला की छत्री उजवीकडे. मी "काका" म्हणून हाक मारली. ते दचकून म्हणाले, छत्री वाळवून राहिलो. खंड्याची बाजूही खरी होती. त्यालाही पोट होतं. त्याने माझ्या टाकीतले चार नेले. मी पाहिलं आणि काकांना सांगितलं नाही. तलाव ठेवायचा तर सगळ्यांचा ठेवायचा, हे मी एवढ्यात शिकले होते; पण शेजाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट शिकवावी.

पोळ्याला आठ दिवस राहिले असतील. सकाळी सातला काका माझ्या टाकीवर वाकले, थाळी बुडवली, वर घेतली आणि हलेनात. मी गेले. थाळीत तीन अळ्या होत्या. मच्छराच्याच. वाकड्या, वळवळणाऱ्या, चुकण्याची सोय नसलेल्या.  पदर खोचला. टाकीच्या कडेला हात घातला. शब्द दिला होता, आणि माणसाने खिशात बाळगलेली ती चिठ्ठी मी पाहिली होती.

"थांब जरा," काका म्हणाले.

थाळीत अळ्यांबरोबर एक मातकट, किड्यासारखं काहीतरी आलं होतं. चतुराचं पिल्लू, पंख फुटेपर्यंत ते पाण्यातच राहतं. आम्ही दोघं पाहत असताना त्याने तोंडाखालून हातासारखं काहीतरी बाहेर फेकलं, आणि एक अळी नव्हती. इतक्या झटकन की काकांनी वरचा चष्मा काढून खालचा पुसला. आम्ही उभे राहिलो. चहा उकळून ओट्यावर गेला, सुधीर हाका मारत राहिला. दुसरी अळी गेली. तिसरी थाळीच्या कडेला जाऊन बसली होती. काकांनी करंगळीने पाणी हलकेच ढकललं. कायद्याने ही लबाडी होती. तिसरी गेली.

मी म्हटलं, काका, निघाल्या तर होत्या ना. शब्द म्हणजे शब्द.

काकांनी थाळी हळूच टाकीत रिकामी केली. "मंजू, आपला करार मारबतीच्या दिवसाचा हाये. आज कुठं मारबत हाये?"

एवढं बोलून ते गेले. पुढच्या सकाळी शर्ट बदललेला होता आणि नव्या खिशातून पहिल्यांदाच कागदाचं टोक डोकावत नव्हतं.

मग बेडूक निघाले. एका संध्याकाळी नखाएवढे बेडूक टाकीच्या दगडी पायऱ्यांवरून वर येऊन बसले, शेपटीचा बारीकसा अंश अजून मागे, नव्या जगाकडे बघत. त्यांना उडी मारता येत होती, पण आपण कुठे पोचू याचा अंदाज नव्हता. एक काकांच्या पेपरवर पडला, आणि काकांनी तो पेपर तसाच अर्धा तास धरून ठेवला. गल्लीतून मागणी यायला लागली. विरजण मागावं तशी. कुणी वाटी घेऊन आलं, कुणी विचारलं की जुन्या माठात जगतील का. मी सगळ्यांना नर्सरीवाल्याचा मंत्र दिला: पाणी ठेवा, दगड ठेवा, चूप बसा. शेवटचं वाक्य मी सांगत असताना सुधीर खोकला.

सुधीरची स्वतःची एक अडचण होती. मोठ्यांपैकी एका बेडकाने आमच्या बेडरूमच्या खिडकीत, रिकाम्या झालेल्या कूलरच्या चौकटीत बिऱ्हाड केलं होतं, सुधीरच्या उशीपासून हातभर अंतरावर. झाडबेडूक डराव करत नाही. तो लाकडावर हातोडी मारल्यासारखा टक, टक, टक करतो, आणि दिवस मावळला की कामावर रुजू होतो. सुधीर म्हणायचा, एवढ्या टकटकीत आतापर्यंत एक कपाट तरी तयार व्हायला पाहिजे होतं.

मला कधी कधी वाटतं, आपण आयुष्यात किती गोष्टी बादलीत भरून आणायला बघतो. मैत्री, मुलांची माया, शेजार. आणि त्या कुठल्याशा फांदीवर आधीच येऊन बसलेल्या असतात, आपण गप्प व्हायची वाट पाहत. आता एवढं शहाणपण पुरे. हे वाक्य मी सुधीरला ऐकवलं तेव्हा त्याने विचारलं की, मग तू गप्प केव्हा होणार.

मारबतीची ती सकाळ. तिकडे जुन्या शहरात पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बायांचे मोठाले पुतळे, निघतात, तिथे माणसांचा समुद्र असतो. आमच्या गल्लीत आपलं छोटं. पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या सकाळी सकाळी उचलायच्या, गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायच्या आणि जे जे नको ते सगळं नाव घेऊन मारबतीच्या हवाली करून फेकून द्यायच्या. दरसाल काकांचा आवाज सगळ्यात मोठा असतो. ते यादी करून आणतात. त्या सकाळीही आम्ही सगळे जमलो. काकू पुढे होत्या, हातात तोच कडीचा डबा; त्यात माझ्यासाठी पुरणपोळ्या होत्या. डबा अखेर भरून परत आला होता. पण माझं लक्ष काकांच्या यादीकडे होतं. कराराचा आज शेवटचा दिवस. ते काय वाचणार, त्यावर माझी टाकी उभी किंवा आडवी.

काकांनी यादी वाचली. खोकला घेऊन जा गे मारबत. ताप घेऊन जा. डेंग्यू घेऊन जा, मच्छर घेऊन जा. मग कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. त्यांनी फांदी डोक्यावर उचलली, आता फेकणार, एवढ्यात माझ्या शेजारून, आठ दिवस नीट न झोपलेल्या माझ्या नवऱ्याने फांदी भिरकावली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अन् या बेडकांची टकटकही घेऊन जा गे मारबत!"

गल्ली हसली. काका हसले नाहीत. फांदी तशीच वर राहिली, चेहरा पांढरा पडला, जणू मारबतीने ऐकलंच आणि आता ती वळून येणार. आणि मग पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं शब्द मोजून बोललेल्या त्या माणसाच्या तोंडून निघून गेलं:

"ए सुधीर, बेडकं नको देऊ तिले, थे आमचे हायेत, हिच्या डब्यातून आलेले हायेत!"